अल्बम चालला की पडला, हे कोणत्या काट्यावर तोलायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातले तुम्ही पाच जण, हळदी-लग्नात आणि गणपतीत गाता. गुढीपाडव्याला सात वऱ्हाडी गाण्यांचा अल्बम एकाच दिवशी टाकला. चार महिन्यांत हळदीच्या एका गाण्याला युट्यूबवर ३ लाख १० हजार व्ह्यूज, उरलेल्या सहा गाण्यांना मिळून ४० हजार. स्पॉटिफायवर सगळं मिळून २२ हजार वेळा ऐकलं गेलं. खर्च लाखाच्या वर, जमा दोन हजारांच्या आत. गावात लोक म्हणतात, ‘अल्बम त पडला बावा.’ तुम्ही विचारता, अमेरिकेतल्या बॅकस्ट्रीट बॉईज किंवा कोरियातल्या बीटीएससारख्या बॉय बँडच्या, म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्या तरुण पोरांच्या गटांच्या, अल्बमची पहिल्याच आठवड्यात लाखांनी विक्री होते ती कशी, त्यांची समीक्षा कोण करतं, आणि आपला अल्बम समीक्षेला कुठे पाठवायचा.

गाणी चांगली आहेत का, हे ऐकल्याशिवाय सांगता येणार नाही, म्हणून ते बाजूला ठेवतो. खरी अडचण वेगळी आहे. तुम्ही ज्या काट्यावर स्वतःला तोलताय, तो काटा तुमच्या मालासाठी बनलेलाच नाही. आणि तुमचा जो काटा आहे, तो बघायला तुम्ही चुकीच्या महिन्यात गेलात.

आधी त्या लाखांच्या विक्रीचं बघू. बातमीत ‘पहिल्या आठवड्यात ४ लाख २२ हजार’ असं येतं, तेव्हा तेवढ्या लोकांनी पैसे मोजून अल्बम घेतला, असं नसतं. आपल्याकडे शेतकरी कापूस क्विंटलने मोजतो आणि पेपरात उत्पादन गाठींत येतं. गाठ १७० किलो रुईची आणि क्विंटलभर कापसातून रुई निघते ३३ ते ३५ किलो, म्हणजे एका गाठीमागे साधारण पाच क्विंटल कापूस. वावरात गाठ कुठेच दिसत नाही, ती हिशोबात तयार होते. अल्बमच्या ‘युनिट’चंही तसंच. अमेरिकेतलं बिलबोर्ड हे संगीताचं मासिक दर आठवड्याला खपाची यादी काढतं, ते डिसेंबर २०१४ पासून अल्बमच्या यादीत ऑनलाइन ऐकणंही धरू लागलं. २०१८ साली ठरलेला भाव असा होता: पैसे भरणाऱ्या श्रोत्यांनी १,२५० वेळा ऐकलं की एक अल्बम, जाहिराती ऐकत फुकट ऐकणाऱ्यांनी ३,७५० वेळा ऐकलं की एक अल्बम, आणि सुटी दहा गाणी विकत गेली की एक अल्बम. २०२० मध्ये युट्यूबवरचे अधिकृत व्हिडिओही त्यात आले.

या भावाने तुमचा माल तोलून बघा. स्पॉटिफायचे २२ हजार, सगळे फुकटातले धरले तर सहा अल्बम. युट्यूबचे साडेतीन लाख म्हणजे त्र्याण्णव. दोन्ही मिळून शंभराच्या आत. आणि त्या यादीत अमेरिकेबाहेरचं ऐकणं धरतच नाहीत, त्यामुळे काटेकोर बघितलं तर शून्य. हे तुम्हाला हिणवायला सांगत नाही. साडेतीन लाख हा आकडा दारव्ह्याच्या चौकात केवढा मोठा वाटतो आणि त्या हिशोबात किती लहान होतो, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की दोन्हींची तुलना करायची सवय सुटते.

आता पहिला आठवडा. बॉय बँडच्या अल्बमचा पहिला आठवडा प्रचंड असतो, पण तो गाण्यांबद्दल फार कमी सांगतो. तो सांगतो तयारीबद्दल. दोन जुने अल्बम शेजारी ठेवा. बॅकस्ट्रीट बॉईजचा ‘मिलेनियम’ मे १९९९ मध्ये आला, अमेरिकेत पहिल्या आठवड्यात सुमारे ११ लाख ३४ हजार प्रती गेल्या. एनसिंक या दुसऱ्या अमेरिकी बॉय बँडचा ‘नो स्ट्रिंग्ज अटॅच्ड’ मार्च २००० मध्ये आला आणि पहिल्या आठवड्यात २४ लाख १६ हजार. हा विक्रम पुढे २०१५ मध्ये ब्रिटिश गायिका अडेलच्या ‘२५’ने मोडला. नुसतं पहिल्या आठवड्यावर गेलं तर दुसरा अल्बम दुपटीहून मोठा. पण वर्षाअखेर ‘मिलेनियम’ची विक्री साधारण ९४ लाख होती आणि ‘नो स्ट्रिंग्ज’ची ९९ लाख. म्हणजे एकाने वर्षाच्या विक्रीतला आठवा हिस्सा पहिल्या आठवड्यात केला, दुसऱ्याने चौथा. त्यातही ‘मिलेनियम’ला त्या वर्षात दोन महिने कमी मिळाले होते. मला विचाराल तर हळूहळू विकला गेलेला माल जास्त बोलका असतो. पहिल्या आठवड्यात चाहता घेतो. सातव्या महिन्यात जो घेतो, त्याने गाणं कुठेतरी ऐकलेलं असतं आणि ते डोक्यातून जात नसतं.

ते दिवस सीडीचे होते. गाणं हवं तर अख्खी सीडी घ्यावी लागायची. आज कोणाला काही घ्यावं लागत नाही, म्हणून बॉय बँडच्या कंपन्या घेण्यासारखी वस्तू तयार करतात. बीटीएसचा ‘लव्ह युवरसेल्फ: टिअर’ २०१८ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर आला. १ लाख ३५ हजार युनिटांपैकी १ लाख प्रत्यक्ष विकलेल्या प्रती होत्या. अल्बम वाय, ओ, यू, आर अशा चार रूपांत निघाला होता, आत छायाचित्रांची पुस्तिका आणि गटातल्या एखाद्याचं फोटोकार्ड. कोणतं कार्ड निघेल हे उघडल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे एकच चाहता दोन-तीन प्रती घेतो. या अल्बमला ग्रॅमी या अमेरिकेतल्या संगीत पुरस्काराचं जे नामांकन मिळालं, तेही गाण्यांसाठी नव्हतं, वेष्टणाच्या रचनेसाठी होतं. २०२० च्या ‘मॅप ऑफ द सोल: ७’ची तऱ्हा तीच: ४ लाख २२ हजार युनिटांत ३ लाख ४७ हजार खऱ्या प्रती.

बॅकस्ट्रीट बॉईजचा २०१९ चा ‘डीएनए’ तर याच्याही पुढचा नमुना. २००० नंतर पहिल्यांदाच ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर आले, २ लाख ३४ हजार युनिटं. त्यातला बहुतेक भाग कार्यक्रमाच्या तिकिटासोबत अल्बम दिल्यामुळे जमा झाला होता. सामानासोबत बादली फुकट द्यायची आणि मग बादल्यांचा खप वाढला म्हणायचं, तसला प्रकार. पुढे २०२० मध्ये बिलबोर्डने नियम आवळले: अल्बमची किंमत वेगळी दाखवा आणि ग्राहकाने तो मुद्दाम निवडला असेल तरच मोजू.

‘प्लॅटिनम’बद्दल एवढंच. अमेरिकेत ५ लाखांना गोल्ड, १० लाखांना प्लॅटिनम, १ कोटीला डायमंड, तर ब्रिटनमध्ये १ लाखाला गोल्ड आणि ३ लाखांना प्लॅटिनम. देश सांगितल्याशिवाय या शब्दाला अर्थ नाही. शिवाय हे आपोआप मिळत नाही, कंपनीला अर्ज करून हिशोब तपासून घ्यावा लागतो.

आता समीक्षा. परदेशात अल्बम आला की वृत्तपत्रं, मासिकं आणि संगीताच्या वेबसाइटींवर परीक्षणं येतात. मेटाक्रिटिकसारखी साइट त्यांना १०० पैकी गुण देऊन सरासरी काढते. ही सरासरी साधी नसते, काही प्रकाशनांना जास्त वजन असतं. किमान चार परीक्षणं आल्याशिवाय ती आकडा दाखवत नाही. तरीही या आकड्याचा विक्रीशी संबंध जोडायला जाऊ नका, बॉय बँडच्या बाबतीत तर नाहीच. ‘मिलेनियम’ला ग्रॅमीत वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं नामांकन होतं आणि त्याच वेळी तो पोरींचं खूळ आहे म्हणून नाकं मुरडणारेही होते. दोघंही वेगवेगळी वस्तू तोलत होते.

बॉय बँडचं परीक्षण वाचताना आधी चेहरे, कपडे, नाच आणि चाहते यांबद्दलची वाक्यं पेन्सिलीने खोडा. उरतं त्यात समीक्षक बहुतेक तीनच गोष्टी विचारतो. गाणी लिहिली कोणी? पाचांपैकी कोण गातंय हे डोळे मिटून ओळखता येतं का? आणि दोन चांगल्या गाण्यांभोवती बाकीची भरताड आहे का? पहिल्या मुद्द्यावरून बॅकस्ट्रीट बॉईजना बोल लागायचा, कारण त्यांची गाजलेली गाणी स्टॉकहोमच्या शेरॉन स्टुडिओतल्या मॅक्स मार्टिनच्या चमूने रचलेली होती. बीटीएसचे सदस्य स्वतः लिहितात, म्हणून तिथे तो आक्षेप बोथट होतो. तुमच्याकडे शब्द आणि चाल तुमचीच असेल, तर हे तुमचं बलस्थान आहे. पण व्हिडिओखाली ‘आवडल्यास लाईक करा’ याच्यापलीकडे काही लिहिलं नसेल, तर ते कोणाला कळणार?

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र गावाकडचे गट हमखास मार खातात. पाचही जण धृवपद एकाच सुरात, एकाच जोराने गातात, आणि रेकॉर्डिंगमध्ये ते पंगतीतल्या गलक्यासारखं ऐकू येतं. कडवं एकानेच गायचं, दर कडव्याला आवाज बदलायचा. धृवपदात मुख्य आवाज मधोमध ठेवायचा. दोघांचे आवाज डावी-उजवीकडे तीस-चाळीस टक्के सरकवून साधारण ६ डेसिबलने खाली ठेवायचे आणि एकाने वरचा सूर धरायचा. पाचव्याने गप्प राहायचं किंवा फक्त ओळीच्या शेवटी ‘हो’ भरायचं. गप्प राहणारा रुसतो, हे खरं. त्याला पुढच्या गाण्याचं कडवं द्या.

समीक्षेसाठी पाठवायचं तर अल्बम येण्याआधी तीन-चार आठवडे पाठवा, चार महिन्यांनी नाही. बाजारात आलेल्या अल्बमची बातमी शिळी होते. एका पानाचं टिपण करा: कोण गातं, कोण लिहितं, ढोलकी-डफ प्रत्यक्ष वाजवलेत की संगणकातले आहेत, रेकॉर्डिंग कुठे झालं. सोबत सातही गाण्यांचे शब्द, आणि वऱ्हाडी शब्दांचे अर्थ. ‘कावून’ (का बरं) असले शब्द पुण्याच्या वाचकाला एखादवेळी कळतील, पण ‘इकडून’चा ‘इकळून’ झाला की तो थबकतो आणि ‘उच्चार अशुद्ध’ असं लिहून मोकळा होतो. गाणी ऐकायला खासगी लिंक द्या, व्हॉट्सॲपवर दाबली गेलेली फाइल नको. वृत्तपत्रांच्या जिल्हा पुरवण्या, दिवाळी अंकांचे संपादक, लोककलेवर लिहिणारे प्राध्यापक, आणि आकाशवाणीची यवतमाळ, अकोला, नागपूर केंद्रं इथून सुरुवात करा. परीक्षणाचे पैसे मागणारा भेटला तर नमस्कार करून परत या. ती जाहिरात असते.

इथवरचं आवरून सांगायचं तर: परदेशी आकडे हे रूपांतरित आकडे आहेत, पहिला आठवडा चाहत्यांची संघटना दाखवतो, आणि परीक्षणं तिसरंच काही मोजतात. आता तुमचा काटा.

युट्यूब स्टुडिओ, म्हणजे चॅनेलवाल्याला त्याचे आकडे दाखवणारं पान, उघडा आणि हळदीच्या गाण्याचे ३ लाख १० हजार कुठून आले ते बघा. शॉर्ट्सचे व्ह्यूज त्यात मिसळून सांगत असाल तर आधी वेगळे करा, कारण ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसतं सुरू झालं तरी व्ह्यू धरला जातो. मग सर्चमधून किती आले ते बघा, आणि लोकांनी नेमकं काय टाइप केलं तेही. ‘हळदीचं वऱ्हाडी गाणं’ असं असेल तर गाणं कामाचं आहे, तुम्ही अजून ओळखीचे नाही. तुमच्या गटाचं नाव टाइप केलं असेल तर तुम्ही ओळखीचे झालात. नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिलं असेल, एकदा मराठीत, एकदा रोमनमध्ये, एकदा स्पेलिंग बदलून, तर प्रोफाइलंही तीन झाली असतील आणि ऐकणं विभागलं गेलं असेल. हे वितरकाकडून, म्हणजे तुमची गाणी स्पॉटिफायवर चढवणाऱ्या कंपनीकडून, जुळवून घ्या.

दुसरा हिशोब वहीत करा. प्रत्येक गाण्याचं पहिल्या आठवड्याचं ऐकणं आणि चौथ्या आठवड्याचं ऐकणं. चौथं पहिल्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर टिकलं असेल तर गाणं उभं आहे असं मी धरतो. दहाव्या हिश्श्याखाली गेलं असेल तर नातेवाइकांनी ऐकलं आणि संपलं. हा ढोबळ ठोकताळा आहे. सणाच्या किंवा हंगामाच्या गाण्याला तो लागू नाही, आणि तुमचं चाललेलं गाणं नेमकं हळदीचं आहे. गुढीपाडव्यापासून जूनपर्यंत लग्नं होती, आता श्रावणात हळद कोणाच्या घरी? आकडा उतरणारच. तो पडला की नाही हे तुळशीचं लग्न लागल्यावर कळेल. त्या हप्त्यात आलेख पुन्हा चढला तर गाणं जिवंत आहे.

आणि खरं ऐकणं तर कुठल्याच डॅशबोर्डवर, म्हणजे आकड्यांच्या पानावर, येत नाही. डीजेवाला गाणं पेनड्राइव्हवर घेतो, मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात भरून मिळतं, व्हॉट्सॲपवर फिरतं. लग्नात वाजल्याचे पैसे मिळतील म्हणाल, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये वरात आणि लग्नाशी जोडलेल्या सोहळ्यांना सूट आहे, त्यामुळे तिकडून फार आशा ठेवू नका. तरीही तुमच्यातल्या गीतकाराने आणि संगीतकाराने आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घ्यावं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर दोघांच्या रॉयल्टीचा हक्क कायद्यात पक्का आहे, आणि गाणी बाकी ठिकाणी वाजतातच.

या न मोजल्या जाणाऱ्या ऐकण्याचं माप एकच: सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचं बोलावणं. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत वडसा गावातून नाटक कंपन्या ठरतात, मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) यांच्या निमित्ताने रात्रभर प्रयोग होतात. तिथे कोणाचं नाटक चाललं हे पेपर बघून ठरत नाही. पुढच्या वर्षी त्याच गावाने त्याच कंपनीला बोलावलं का, एवढंच बघतात. तुम्हीही तसं बघा. अल्बमनंतर किती फोन आले, त्यांपैकी किती ‘ते हळदीचं गाणं म्हणणारे तुम्हीच का’ असं विचारणारे, आणि बिदागी वाढवून सांगितल्यावर किती जणांनी फोन ठेवला नाही. पाच जणांच्या गटाला डॅशबोर्डवर हजारोंची जमा दिसली नाही तरी हंगामात आठ सुपाऱ्या जास्त मिळाल्या तर अल्बमचा खर्च निघू शकतो. आणि व्ह्यूज विकत घेण्याचा विचार मनात आला असेल तर सोडा. असे व्ह्यूज एका रात्रीत चढतात, भलत्याच देशातून येतात आणि दहा सेकंदांत पळतात. स्पॉटिफाय २०२४ पासून उघड खोट्या ऐकण्यासाठी वितरकाकडून दंड घेतं, वितरक तो तुमच्या माथी मारतो किंवा गाणंच काढून टाकतो.

चूक झाली ती सात गाणी एका दिवशी टाकण्यात. स्पॉटिफायच्या संपादकांकडे एका वेळी एकच न आलेलं गाणं सुचवता येतं, तेही किमान सात दिवस आधी. तुमची सहा गाणी त्या दाराशी गेलीच नाहीत. शिवाय तिथे बारा महिन्यांत १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला पैसेच मिळत नाहीत, म्हणून ऐकणं सात ठिकाणी पांगलं की नुकसान दुप्पट. पुढच्या वेळी दर पाच-सहा आठवड्यांनी एक गाणं सोडा आणि शेवटी त्याच ध्वनिफिती, त्याच आयएसआरसी क्रमांकांनी (प्रत्येक रेकॉर्डिंगला मिळणारा ओळख क्रमांक), अल्बम म्हणून एकत्र करा. क्रमांक आणि फाइल तीच राहिली तर आधीचं ऐकणं अल्बमच्या पानावर सोबत येतं. क्रमांक बदलला तर पाटी कोरी.

सध्याच्या अल्बमसाठी आता एकच काम करा. हळदीच्या गाण्याची डीजेंसाठी वेगळी फाइल बनवा: सुरुवातीला आठ मात्रांचे चार आवर्तन नुसता ठेका, म्हणजे त्याला आधीच्या गाण्यातून सरकता येईल, मग गाण्यातच एकाने गटाचं नाव घ्यायचं, चालीत बसवून, कारण फाइलचं नाव पहिल्याच फॉरवर्डला बदलतं पण आवाजातलं नाव कोणी पुसू शकत नाही. दारव्हा, दिग्रस, नेर, आर्णी इथल्या डीजेवाल्यांना ती पोळ्याच्या आधी हातोहात द्या, आणि वहीचं एक पान त्यांच्या नावाने कोरं सोडा. तुळशीच्या लग्नानंतर कोणाच्या गाडीवर ते वाजलं, ते तिथे लिहायचं.